करुरा वनांतील एक दिवस

गेल्या आषाढांत चिरंजिवांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां नैरोबीस जाऊन आलों. आफ्रिका म्हटली कीं सिंह, हत्ती आणि अंग भाजणारें ऊन्ह, एवढीच आमची समजूत. पण नैरोबी हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांच हजार फूट उंचीवर वसलेलें. त्याचें नांवच मुळीं ‘थंड पाणी’ या अर्थाच्या मासाई शब्दांवरून पडलेलें आहे. लोंकरीची बंडी घातल्यावांचून आम्हांस सकाळीं बाहेर पडवेना.

एका रविवारीं सूनबाईंनीं दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही बरोबर घेतलें व मंडळी करुरा वनांत निघाली. हें वन शहराच्या उत्तर अंगास अगदीं वस्तीला लागून आहे. क्षेत्र सुमारें १,००० हेक्टर, म्हणजे जवळजवळ अडीच हजार एकर.

प्रवेशशुल्क भरून आंत शिरलों आणि थोडें चालून जातों तों मोटारींचा गोंगाट विरून गेला. तांबड्या मातीची वाट, दुतर्फा उंच झाडें, मधूनमधून बांबूचीं बेटें. वानरांची एक टोळी फांद्यांवरून आमच्या डब्यांवर नजर ठेवून होती. वनांत गुहा आहेत. १९५० नंतरच्या दशकांत इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेले माउमाउ योद्धे त्यांत आश्रय घेत, असें सांगतात. पुढें धबधबा लागला. तेथें सतरंजी पसरली. कित्येक वर्षांत असा निवांतपणा आम्हांस लाभला नव्हता. “पुण्याई असल्यावांचून असें स्थळ लाभत नाहीं,” असें आम्हीं म्हटलें.

“पुण्याई खरी, पण ती आपली नव्हे, नाना,” चिरंजीव म्हणाले. आणि त्यांनीं जी हकीकत सांगितली ती वाचकांपुढें ठेवावी म्हणूनच आजचा हा लेख.

वंगारी मथाई या विदुषींचा जन्म १९४० सालचा. लहानपणीं त्या सरपण आणावयास जात, तेव्हां आईनें बजावलें होतें कीं अमुक एका झाडाची काटकी उचलावयाची नाहीं. तें देवाचें झाड आहे. झाड होतें उंबराच्याच कुळांतलें आणि त्याच्याजवळ एक झरा वाहत असे. पुढें जमिनीचा धनी बदलला, चहा लावण्यासाठीं झाड तुटलें आणि झराही आटला. १९७७ सालीं बाईंनीं खेड्यांतील स्त्रियांच्या हातीं रोपें देऊन वृक्षारोपणाची चळवळ उभारली. या करुरा वनाचे तुकडे बड्या लोकांना इमारतींसाठीं वांटले गेल्याचें कळतांच त्या आडव्या आल्या. ८ जानेवारी १९९९ रोजीं वनाच्या दाराशीं रोप लावावयास गेल्या असतां रखवालदारांनीं त्यांचें डोकें फोडलें. त्या तशाच पोलीसठाण्यांत गेल्या आणि तक्रारीवर स्वतःच्या रक्तानें निशाणी केली. वन वांचलें. २००४ सालीं त्यांना शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें. २०११ सालीं त्या निवर्तल्या.

खरें सांगावयाचें तर यानंतर दशमीचा घास आमच्या घशाखालीं उतरेना. आमच्या गांवीं शाळेसमोर एक जुना वड होता. वृक्षांना सत्पुरुषांची उपमा देणारीं सुभाषितें आम्हीं मुलांकडून त्याच्याच सावलींत पाठ करून घेतलीं. रस्ता रुंद करण्यासाठीं तो तोडावयाचें ठरलें तेव्हां गांवचीं चार माणसें आमच्या दारीं आलीं. “मास्तर, एक अर्ज तेवढा लिहून द्या.” निवृत्तिवेतनाचीं कागदपत्रें तेव्हां अडकलेलीं होतीं, “बघूं,” असें म्हणून आम्हीं त्यांना वाटेस लावलें. वड दोन दिवसांत आडवा झाला. अर्जानें तो वांचला असताच असें नाहीं. पण अर्ज आम्हीं लिहिला नाहीं, हें खरें.

“तुम्ही त्या वडाचाच विचार करतां आहां ना?” आमच्या गृहिणीनें विचारलें. दरवर्षीं ज्येष्ठी पौर्णिमेस ती त्याच वडास सूत गुंडाळीत असे. आम्हीं मान हालविली. धबधबा आपला पडतच होता.

परत आलों तेव्हां आळीच्या तोंडाशीं असलेल्या पिंपळावर तोडण्याची खूण रंगविलेली दिसली. त्याच रात्रीं अर्ज लिहिला. एकवीस घरांच्या सह्या मिळाल्या. दोघांनीं “बघूं” म्हटलें. त्यांना आम्हीं दोष देत नाहीं. उद्यां पुन्हां त्यांच्या दारीं जाणार आहों.