दिव्याखाली कोणाचे नाव?

रंगीत काचांच्या फुलदार दिव्यांचा विषय निघाला की टिफनी हे एकच नाव पुढे येते. लुई कम्फर्ट टिफनी यांच्या न्यूयॉर्कमधील कारखान्यात १९०० च्या सुमारास घडलेल्या या दिव्यांवर विस्टेरियाचे जांभळे घोस लोंबतात, डॅफोडिल उमलतात. ही बाग फुलवली कोणी, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ फारसा विचारला गेला नाही.

क्लारा ड्रिस्कॉल यांनी घरच्यांना लिहिलेली पत्रे अभ्यासकांच्या हाती लागली आणि २००७ साली न्यूयॉर्कमधील एका प्रदर्शनातून उत्तर जगासमोर आले. विस्टेरियाच्या दिव्यासह कित्येक गाजलेल्या रचना त्यांच्या होत्या. काच कापणाऱ्या स्त्रियांच्या विभागाच्या त्या प्रमुख; या विभागात लग्न झाले की नोकरी सुटे. पाकळ्यांचा रंग मुख्यतः काचेच्या अंगचाच असे. काचेचा नेमका कोणता भाग कोणत्या पाकळीला शोभेल हे नजरेने ताडून तो कापायचा. मग कडेला तांब्याची पातळ पट्टी आणि डाख. एका विस्टेरियात असे सुमारे २००० तुकडे! ही निवड म्हणजे निव्वळ मजुरी नव्हे, निर्मितीच होय, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे तरी निराळे काय घडले? बारामती म्हटले की मोरोपंत (१७२९–१७९४) आठवतात, आणि ते रास्तच आहे. पण बारामती-इंदापूरच्या गावांतून जात्यावर ओव्या रचणाऱ्या बायका आपण ‘लोकसाहित्य’ या एकाच पाटीखाली बसवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी लाखभर ओव्या जमवल्या, तेव्हा गाणारीचे नाव आणि गाव टिपून ठेवले. ही केवळ दप्तरी नोंद नव्हती. ती एक वाङ्मयीन भूमिका होती.

ओवी परंपरेची, तिला एक कर्ती कशी, असा आक्षेप येईल. तो खराही आहे. दिवाही अनेक हातांचा, आणि त्यात टिफनींची दृष्टी व भांडवल होतेच. परंतु अनेक हात असतील तर अनेक नावे द्यावीत. एकाचेच देणे किंवा कोणाचेच न देणे, हा त्यावरचा उपाय नव्हे. लेखकाच्या मृत्यूचा सिद्धान्त वर्गात शिकवण्यापूर्वी, ज्यांना लेखक म्हणून कधी मोजलेच नाही त्यांची नावे फळ्यावर लिहावीत, एवढेच आमचे मागणे आहे.