पळण्याआधी बसायला शिकवा

शालेय क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक लागलं की आपल्याकडे खो-खोचा संघ निवडायची एक ठरलेली रीत आहे. पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायच्या, जे पुढे राहतील त्यांना संघात घ्यायचं आणि उरलेल्या दिवसांत रोज तासभर पळवायचं. हिंगणघाटात हेच चालतं, समुद्रपुरात हेच आणि वर्ध्यातही हेच. या रीतीवर माझा राग आहे. तिच्यामुळे चांगल्या पायांची पोरं तालुका जिंकतात, जिल्ह्याला अडखळतात आणि विभागाला नागपुरात हरून परत येतात. मग आपण म्हणतो, तिकडची पोरं फार चपळ होती. चपळ असतीलही, पण त्यांना बसायला शिकवलेलं असतं, हे आपण बघतच नाही.

मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. मध्यपाटीवर ३० सेंटिमीटरचे आठ चौकोन. त्यांत आठ जण एकाआड एक उलट दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही. एकदा दिशा घेतली की मध्यपाटीच्या टोकाचा खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. एवढी बंधनं घालून घेतलेला संघ नुसत्या वेगावर जिंकूच शकत नाही. त्याचा गडी उठून कोणत्या अंगणात पळणार, हे तो बसला त्याच क्षणी ठरलेलं असतं.

समजा मैदान दक्षिणोत्तर आखलं आहे. पाठलाग करणारी मुलगी पश्चिमेच्या अर्ध्यातून उत्तरेकडे धावते आहे, पळणारी तिच्या दोन पावलं पुढे. दक्षिणेकडून पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या चौकोनातल्या मुली पूर्वेकडे तोंड करून; बाकीच्या पश्चिमेकडे. पळणारी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधून पूर्वेला निसटते. खो पाठीमागूनच द्यावा लागतो, म्हणजे आता पूर्वेकडे तोंड असलेल्यांपैकीच कोणाला तरी उठवावं लागणार. तिसरीची पाटी मागे पडली, तिथे खो दिला तर फाऊल. चौथी पश्चिमेकडे बघते आहे, तिचा उपयोग नाही. मग पाचवीपर्यंत धावत जायचं. तेवढ्यात पळणारीला दोन श्वास मिळतात आणि पाचवी उठते न उठते तोच ती पुन्हा आत शिरलेली असते. एकेरी साखळी म्हणतात ती हीच. चांगली पळणारी अशा साखळीत अख्खा संघ दमवते.

आता तोच क्षण पुन्हा बघा. पाठलाग करणारीने पळणारीच्या खांद्याचा कल हेरला आणि तिसऱ्या पाटीवर असतानाच खो दिला. तिसरी उठली, एक पाऊल टाकलं आणि पळणारी थेट तिच्या हाताशी आली. यात कोणीच जास्त वेगाने धावलं नाही. फक्त एकीला माहीत होतं की आपल्या डाव्या-उजव्या बाजूला कोण कुठे तोंड करून बसलं आहे, आणि दुसरी चौकोनात बसल्या बसल्या उठायच्या तयारीत होती. बहुतेक शाळांच्या संघांत ही दुसरी मुलगी मान वळवून प्रेक्षकांकडे बघत असते. बसणं म्हणजे विश्रांती, असाच तिचा समज असतो, कारण वेगळं काही तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

आणखी एक गोष्ट. खो देणारा उठणाऱ्याच्या जागी बसतो, म्हणजे प्रत्येक खोला मांडणी बदलते. खांबाजवळ सूर मारणारा गडी सुरुवातीला शेवटच्या चौकोनात बसवला, तरी पाच-सहा खोनंतर तो मध्यभागी आलेला असतो आणि खांबाजवळ भलताच कोणीतरी बसलेला असतो. जाणते संघ हे लक्षात ठेवून खो देतात. सूर मारणाऱ्याला पुन्हा खांबाकडे सरकवत नेतात. हा हिशेब धावता धावता करायचा असतो.

धावण्याचं यश धावणाऱ्यावर नंतर, आधी त्याच्या जागेवर अवलंबून असतं, हे अमेरिकन फुटबॉलवाल्यांनी फार बारकाईने अभ्यासलं आहे. तिथे चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो आणि पळायचं असेल तर तो मागच्या धावपटूकडे सोपवतो. क्वार्टरबॅक चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला चिकटून उभा असेल तर धावपटू त्याच्या मागे सुमारे सात यार्डांवरून सरळ वेग घेत येतो. ‘शॉटगन’ मांडणीत क्वार्टरबॅक पाचेक यार्ड मागे सरकतो, त्याला मैदान नीट दिसतं, पण धावपटू बाजूला उभा राहत असल्याने त्याची धाव आडवी सुरू होते आणि ती कुठे वळणार याचा अंदाज बचावाला बांधता येतो. नेवाडा विद्यापीठाचे प्रशिक्षक क्रिस ऑल्ट यांनी २००५ मध्ये ‘पिस्तूल’ मांडणी आणली. क्वार्टरबॅक चार यार्डांवर आणि धावपटू बरोबर त्याच्या पाठीमागे. दृष्टी राहिली, सरळ धावही परत मिळाली. २००९ च्या हंगामात त्या संघाच्या तिघांनी प्रत्येकी हजार यार्डांहून जास्त धाव घेतली, आणि त्या तिघांत क्वार्टरबॅक कॉलिन केपर्निक स्वतः होता. उभं राहण्याच्या जागेत दोन-तीन यार्डांचा फरक करायला तिथले प्रशिक्षक वर्षं घालवतात.

आपल्या खेळात मात्र मांडणीचं बंधनच सैल करण्याकडे कल दिसतो. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने ‘वजीर’ आणला. पाठलाग करणाऱ्या संघातला हा एक गडी कोणत्याही दिशेने पळू शकतो. टीव्हीवर ते बघायला थरारक आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. लीगमुळे खेळाडूंच्या हाती पैसा आला, नाव आलं. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० आणि पुरुषांनी ५४-३६ असं हरवलं, तेव्हा प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. याचा आनंद मोठा आहे. पण वजीर हे लीगपुरतं ठीक. गल्लीतल्या सरावात चौदा वर्षांच्या पोराला ‘तू आमचा वजीर’ म्हणून हवं तसं पळू देणं मला मुळीच पटत नाही. दिशेचं बंधन पाळत खेळणं हीच त्या वयातली शिकवण. ते सुटलं की पोर पुन्हा नुसत्या पायांवर येतं, आणि शालेय स्पर्धेत पंच त्याला फाऊल देत बसतात.

राष्ट्रीय खो-खोत विदर्भ आपला वेगळा संघ उतरवतो. म्हणजे हिंगणघाटच्या पोराला पुण्या-मुंबईच्या गर्दीत जागा शोधावी लागत नाही, त्याला स्वतःचं दार आहे. त्यातून आपली जमीन काळी. पाऊस पडला की पायाला चिखल धरते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मैदानावर नुसता वेग कामी येत नाही. वळण, थांबणं आणि वेळेवर उठणं यांनाच किंमत असते. मांडणीचा अभ्यास करायला याहून चांगलं कारण कोणतं हवं?

क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. रोजच्या सरावातली निदान पंधरा मिनिटं कोणालाही पळू देऊ नका. आठ जणांना बसवा, नवव्याला चालत खो द्यायला लावा आणि प्रत्येक खोनंतर थांबवून विचारा : आता खांबाजवळ कोण बसलंय? पळणारा पलीकडे गेला तर तू कोणाला उठवशील? उत्तर चुकलं तर पुन्हा चालवा. पोरांना दररोज नव्या चौकोनात बसवा, म्हणजे दोन्ही बाजूंना उठायची सवय होईल. आणि संघ निवडताना फेऱ्यांत मागे पडलेल्या, पण बसल्या जागेवरून सगळं मैदान वाचणाऱ्या मुलीला घरी पाठवू नका. या वर्षीच्या संघात तिला घ्या.