महाविद्यालयापूर्वीची चाकरी

बारावीच्या परीक्षा बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलपर्यंत आटोपतात आणि महाविद्यालयाचे वर्ग त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी भरू लागतात. या मधल्या दिवसांत मुलाने वा मुलीने “एखाद्या दुकानात काम पाहू का?” असे विचारले, की पुष्कळ घरांत एकदम शांतता पसरते. वडिलांना वाटते, लोक काय म्हणतील? आईला वाटते, उन्हातान्हात पोर दमेल. दोन्ही शंका स्वाभाविक आहेत. पण नकार देण्यापूर्वी अशा कामात नेमके काय घडते, ते आपण पाहावे.

वह्या-पुस्तकांच्या दुकानाचेच उदाहरण घ्या. शाळा उघडण्याच्या सुमारास तेथे हंगामी माणसे लागतात. इयत्तेनुसार पुस्तके लावणे, यादी वाचून गठ्ठा बांधणे, पावती करणे, रात्री गल्ला मोजणे ही कामे दिसायला साधी. परंतु आजवर ज्याची चूक केवळ त्याच्या गुणपत्रिकेत उतरत होती, त्याची चूक आता दुसऱ्याला भोवते. सहावीच्या गठ्ठ्यात सातवीचे गणित गेले, तर दूरच्या गावाहून आलेल्या माणसाला पुन्हा हेलपाटा पडतो. परीक्षेत शंभरांपैकी नव्वद गुण मिळाले तर घरात पेढे येतात. गल्ल्यात शंभरांऐवजी नव्वद रुपये निघाले, तर दहा कोठे गेले ते सापडेपर्यंत घरी जाता येत नाही.

आणि गिऱ्हाईक! घरी ज्याचा शब्द झेलला जातो, त्याला तेथे कोणी ओळखत नाही. घाई, तुसडेपणा, निष्कारण घासाघीस हे सारे सोसून पुढच्या माणसाशी पुन्हा सरळ बोलावे लागते. हे शिकवणारा वर्ग निदान आमच्या तरी पाहण्यात नाही. दिवसभर उभे राहून पाय भरून आले, म्हणजे घरी धुणीभांडी करावयास येणाऱ्या बाईंकडेही मूल निराळ्या नजरेने पाहू लागते.

मात्र कामाच्या अटी आधी ठरवून घ्याव्यात : पगार किती, तास किती, सुट्टी कोणती. मूल १८ वर्षांच्या आतले असेल, तर खाणी, स्फोटके, ज्वालाग्राही पदार्थ यांसारख्या धोक्याच्या कामावर त्याला ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीपासून कायद्यानेच मनाई आहे.

पगाराचे काय करावे? डॉ. अब्दुल कलाम लहान असताना दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरम् स्थानकावर गाडी थांबेनाशी झाली. धावत्या गाडीतून फेकलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे गोळा करण्यास ते नात्यातल्या भावाला मदत करीत. त्या पहिल्या कमाईचा अभिमान अर्ध्या शतकानंतरही जाणवतो, असे त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. तेव्हा तो पैसा सबंध काढून घेऊ नका. मुलाच्या नावाने बँकेत खाते उघडा आणि हिशेब त्याचा त्यालाच ठेवू द्या. घरखर्चास थोडे द्यावेसे त्याला वाटले, तर संकोच न करता घ्या.

खरी काळजी निराळीच आहे. ज्या घरात पैशाची चणचण असते, तेथे दोन महिने नियमित पगार आला की महाविद्यालय ही चैन वाटू लागते. मालकही चांगल्या मुलाला सोडावयास राजी नसतो. “दिवाळीपर्यंत राहा,” असे तो म्हणतो. मुलाची तर अर्धी तयारी झालेलीच असते. म्हणून कामाचा शेवटचा दिवस कोणता, हे पहिल्याच दिवशी मालकासमक्ष ठरवावे आणि प्रवेशअर्जाची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. प्रवेशशुल्काची अडचण असेल, तर शिष्यवृत्तीची चौकशी याच दिवसांत, मूल कामावर असतानाच, आपण करून ठेवावी. त्या अर्जांच्या मुदती कोणासाठी थांबत नाहीत.