इनॉक्युअस म्हणजे नक्की काय हो?

'अगदी इनॉक्युअस चेंज आहे रे, एका ओळीचा!' हे वाक्य कोणी उच्चारलं की मीटिंगमधली सगळी मंडळी माना डोलावतात आणि टेस्टिंग गुंडाळलं जातं. माझा राग शब्दावर नाही, तो असा सर्टिफिकेटसारखा वाटण्यावर आहे.

आधी त्याचं कूळ बघू. लॅटिनमध्ये 'नोकेरे' म्हणजे इजा करणे. इनॉक्युअस, इनोसंट, नॉक्शस आणि चक्क न्यूसन्ससुद्धा याच घराण्यातले. इनोसंट चौदाव्या शतकात फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, इनॉक्युअस सोळाव्याच्या अखेरीस थेट लॅटिनमधून. सख्खी भावंडं, पण कामं वेगळी. इनोसंट करणाऱ्याबद्दल बोलतो: त्याच्या मनात पाप नाही. इनॉक्युअस बोलतो परिणामाबद्दल: यातून इजा होत नाही. आपल्याकडेही निरागस आणि निरुपद्रवी असे दोन शब्द आहेतच की. दोन वर्षांचं पोर निरागस असतं. ते निरुपद्रवी असतं असं जरा त्याच्या आईला म्हणून बघा!

घोळ होतो तो इथे. आपला हेतू चांगला, म्हणून परिणामही चांगला, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकने पाठवलेला अपडेट हा काही नवा प्रोग्रॅम नव्हता, नव्या हल्ल्यांची माहिती देणारी नेहमीची फाइल होती. हेतू संरक्षणाचाच. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशिन्स कोलमडली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटायची वेळ आली. इनोसंट? शंभर टक्के. इनॉक्युअस? मुळीच नाही.

आणि हे फक्त कोडपुरतं नाही. कोणाच्या गावावरून, उच्चारावरून टोमणा मारायचा आणि त्याचा चेहरा पडला की म्हणायचं, 'अरे, इनॉक्युअस जोक होता!' अहो, ते तुम्ही कसं ठरवणार? हेतूचं तुम्ही सांगा, पण लागलं की नाही ते ज्याला लागलं तोच सांगणार ना!

सांगायचा मुद्दा असा, की हे विशेषण लावायचा हक्क करणाऱ्याचा नाही, सोसणाऱ्याचा आहे. आणि तेही सगळं होऊन गेल्यावर. म्हणून पुढच्या वेळी कोणी 'इनॉक्युअस' म्हणालं की दोनच प्रश्न विचारा. कोणासाठी? आणि कशावरून? उत्तर 'अरे, मला तसं वाटतं' असं आलं, तर मुकाट्याने टेस्टिंगला बसा.