विद्युत वाहनाची विद्या

दिल्लीतील एखाद्या मेट्रो स्थानकाबाहेर सकाळी उभे राहिले, तर ई-रिक्षांची लांबलचक रांग दृष्टीस पडते. आसनाखाली बारा-बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या, मागे एक लहानशी मोटर आणि वर पत्र्याचा सांगाडा, एवढाच त्या वाहनाचा संसार. इंजिनाची धडधड नाही, धूर नाही. ही वाहने प्रथम रस्त्यावर आली तेव्हा ती कोणत्या कायद्यात बसतात हेही ठरलेले नव्हते. २०१५ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यांना रीतसर स्थान मिळाले. त्यांची दुरुस्ती करणारे कारागीर मात्र कायद्याची वाट पाहत थांबले नव्हते. चारपैकी कोणत्या बॅटरीने दम सोडला आहे, हे मीटर लावून क्षणात सांगणाऱ्या या माणसांपैकी बहुतेकांनी अभियांत्रिकी महाविद्यालयाची पायरीही चढलेली नसते.

त्याच शहरात, दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत, २०२१ च्या सुमारास विद्युत वाहतूक या विषयाचा स्वतंत्र एम.टेक. अभ्यासक्रम सुरू झाला. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अनेक विभाग एकत्र येऊन विद्युत वाहनांचे आंतरविद्याशाखीय शिक्षण देऊ लागले. देशातील इतर अनेक संस्थांनीही ही वाट धरली. एका बाजूला रस्त्यावर घडलेली विद्या आणि दुसऱ्या बाजूला प्रयोगशाळेत शिकविली जाणारी विद्या, अशा दोन विद्या एकाच वाहनाभोवती उभ्या आहेत. त्या एकमेकींना फारशा ओळखत नाहीत. विद्युत वाहनांच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करताना हीच गोष्ट सर्वांत आधी मनात यायला हवी. प्रत्यक्षात ती बहुधा सर्वांत शेवटी येते.

विजेवर चालणारी गाडी ही आजची नवलाई आहे, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः शिसे-आम्ल बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने सिद्ध केली, आणि १८९९ मध्ये पॅरिसजवळ बेल्जियमच्या कामिय जेनात्झी याने ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडला तो विजेच्या मोटारीतूनच. त्या काळी अमेरिकेच्या रस्त्यांवर वाफेच्या, विजेच्या आणि पेट्रोलच्या गाड्या शेजारी शेजारी धावत होत्या. मग वीज मागे का पडली? एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा हजार वॅट-तास ऊर्जा साठलेली असते, तर एक किलो शिसे-आम्ल बॅटरीत तीस-चाळीस वॅट-तास. पेट्रोलचे इंजिन त्यांतील बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने उधळून टाकते आणि चांगली विद्युत मोटर दहातील नऊ भाग कामी लावते, हे खरे. पण एवढी मोठी दरी मोटरच्या गुणांनी भरून निघणारी नव्हती. १९१२ पासून मोटारींत स्वयंचलित स्टार्टर बसू लागला, हाताने दांडा फिरवून इंजिन चालू करण्याचा त्रास संपला आणि विजेच्या गाडीचा उरलासुरला आधारही गेला. गंमत अशी की, तिला हटविणारा तो स्टार्टर विजेवरच चालत होता.

ती परत आली लिथियमच्या बळावर. १९९१ मध्ये जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आजच्या चांगल्या लिथियम-आयन घटात किलोमागे अडीचशे वॅट-तासांच्या आसपास ऊर्जा मावते. या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. त्यांतील जॉन गुडइनफ यांची हकिकत प्रौढ विद्यार्थ्याने मुद्दाम जाणून घ्यावी अशी आहे. त्यांची पहिली पदवी गणिताची. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यात हवामानतज्ज्ञ म्हणून काम केले. युद्ध संपल्यावर भौतिकशास्त्र शिकण्यासाठी ते शिकागो विद्यापीठात आले, तेव्हा तेथील एका प्राध्यापकाने, या वयात भौतिकशास्त्रात काही करून दाखविण्याची वेळ निघून गेली, अशा अर्थाचे उद्गार काढले. गुडइनफ त्या वेळी जेमतेम चोविशीत होते! १९८० मध्ये ऑक्सफर्ड येथे लिथियम-कोबाल्ट ऑक्साइडचा धनाग्र त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला तेव्हा ते साठीकडे झुकले होते, आणि नोबेल मिळाले तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते. गणिताचा पदवीधर, भौतिकशास्त्राचा डॉक्टर आणि पारितोषिक रसायनशास्त्राचे. विद्यापीठांनी विषयांभोवती घातलेली कुंपणे निसर्गाला ठाऊक नसतात.

विद्युत वाहनाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. एका लिथियम-आयन घटाचा विद्युत दाब साधारण ३.६ व्होल्ट असतो. अठ्ठेचाळीस व्होल्टच्या बॅटरीसाठी असे तेरा घट एकसर जोडणीत माळेसारखे गुंफावे लागतात, आणि क्षमता वाढविण्यासाठी प्रत्येक मण्याला समांतर जोडणीत आणखी घट द्यावे लागतात. तेरांपैकी एक जागा दुबळी निघाली तर सारी माळ तिच्या चालीने चालते. म्हणून प्रत्येक जागेवर लक्ष ठेवणारे एक इलेक्ट्रॉनिक मंडल बसविलेले असते. कारागीर त्याला बीएमएस म्हणतात. हे मंडल घटांचा दाब मोजते, तापमान पाहते आणि धोका दिसताच प्रवाह तोडते. घट ही रसायनाची वस्तू, मंडल हे इलेक्ट्रॉनिक्सचे, मंडलाला सूचना देणारी आज्ञावली संगणकाची, घटांची उष्णता वाहून नेणारी पेटी यंत्र अभियंत्याची, आणि या सर्वांना खड्ड्यांतून आदळत नेणारा रस्ता कोणत्याच विषयाचा नव्हे.

२०२२ च्या उन्हाळ्याच्या आगेमागे देशात अनेक ठिकाणी विद्युत दुचाकींना आगी लागल्या. काही प्रसंगी माणसे दगावली. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीच्या सुरक्षिततेचे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने अधिक कडक केले. एकच घट अतिशय तापला की त्याची धग शेजारच्या घटाला लागते, तो पुढच्याला पेटवितो आणि पाहता पाहता सारी पेटी भडकते. अशा अपघाताचे मूळ घटाच्या निर्मितीत असू शकते, सांध्यांच्या जोडणीत असू शकते, मंडलाच्या निकृष्टपणात असू शकते किंवा उष्णतेला वाट न ठेवणाऱ्या रचनेत असू शकते. पुष्कळदा ते या दोन-तीन गोष्टींच्या सांध्यावर असते. प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ आपापला भाग निर्दोष असल्याचे सांगू शकतो आणि तरीही गाडी पेटते. विद्युत वाहनांसाठी वेगळे पदव्युत्तर शिक्षण कशाला, विद्युत किंवा यंत्र अभियांत्रिकीचा एम.टेक. पुरे नाही काय, असे विचारणाऱ्यांना याहून दुसरे उत्तर देण्याची गरज नाही. सांध्यावर लक्ष ठेवणारा माणूस तयार करावा लागतो. तो आपोआप तयार होत नाही.

मात्र या उत्तराचा गैरफायदाही घेतला जातो. नव्या विषयाला मागणी आहे असे दिसताच नावाची पाटी बदलण्याचा मोह शिक्षणसंस्थांना होतो. जुन्याच अभ्यासक्रमात चार नवे पाठ घालायचे, एक कापलेली मोटार दिवाणखान्यातील शोभेच्या वस्तूसारखी प्रयोगशाळेत मांडायची आणि पदवीवर विद्युत वाहनाचे नाव छापायचे, हा प्रकार सर्वस्वी अनोळखी नाही. अशा ठिकाणी विद्यार्थी सर्व विषयांची ओळख करून घेतो आणि एकाही विषयाशी त्याची मैत्री होत नाही. सांध्यावर उभे राहण्यासाठी निदान एक पाय भक्कम जमिनीवर असावा लागतो. ज्याला मोटरचे चुंबकीय क्षेत्र मुळापासून समजले आहे, तो बॅटरीचे रसायन कामापुरते शिकू शकतो. ज्याला दोन्ही केवळ चित्रावरून ठाऊक आहेत, त्याला तंत्र बदलताच नव्याने सुरुवात करावी लागते. आणि तंत्र तर बदलतच आहे. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांच्या शक्तिशाली चुंबकांवर चालणाऱ्या मोटरी सर्वत्र रूढ झाल्या होत्या. एप्रिल २०२५ मध्ये चीनने या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि भारतातील वाहन उद्योगाची धावपळ उडाली. चुंबकाविना चालणाऱ्या मोटरींचा विचार पुन्हा जोमाने होऊ लागला. त्या मोटरींची तत्त्वे जुन्याच पाठ्यपुस्तकांत आहेत. ज्यांनी ती पुस्तके मनापासून वाचली होती, त्यांची पंचाईत कमी झाली असेल.

एम.टेक.ला प्रवेश देणाऱ्या गेट परीक्षेत विद्युत वाहन नावाची प्रश्नपत्रिका नाही, ही गोष्ट या दृष्टीने चांगलीच म्हटली पाहिजे. परीक्षा विद्युत, यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स अशा मूळ विषयांत होते आणि त्यांत अभियांत्रिकी गणिताला पक्के स्थान आहे. पण याच परीक्षेची दुसरी बाजू डोळ्यांआड करता येत नाही. ती कागदावरचे किंवा पडद्यावरचे उत्तर तपासते, हात तपासत नाही. दहा वर्षे बॅटऱ्या उघडून पाहिलेला माणूस आणि एकही बॅटरी न उघडलेला माणूस तिच्यापुढे सारखेच असतात.

अशा माणसासाठी रस्ता नाही असे नव्हे. दहावीनंतर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करावा. अनेक राज्यांत त्यानंतर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, ती दोन वर्षे. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात, ती तीन वर्षे. आणि मग एम.टेक.ची दोन. एकूण नऊ वर्षे होतात. बारावीच्या मार्गाने गेले तर दोन, चार आणि दोन मिळून आठ. म्हणजे हाताने काम शिकत शिकत जाणाऱ्याला कागदोपत्री एकच वर्ष जास्त लागते! तरीही या वाटेने शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचणारे थोडे, कारण नऊ वर्षे घरची चूल कोणी पेटती ठेवायची, याचे उत्तर कोणत्याही माहितीपत्रकात दिलेले नसते. २०२३ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरी करणाऱ्यांसाठी सोयीच्या वेळेतील अभ्यासक्रमांना मुभा दिली, हे योग्य झाले. पण अशा तुकड्या कमी आहेत. शिवाय आठ-दहा तास राबून आलेल्या माणसाला रात्री कलनशास्त्र समजावून देणारा शिक्षक मिळणे ही मुभेहून अवघड गोष्ट आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. कारागिरांसाठी दार उघडले तर दर्जा खालावेल, असे अनेक प्राध्यापक मनापासून मानतात. त्यांची भीती अगदीच अनाठायी नाही. मोटरचा वेग नियंत्रित करणारे समीकरण अनुभवाने सुटत नाही. तेथे गणितच लागते आणि त्यात कोणालाही सवलत देणे म्हणजे त्याचीच फसवणूक करणे होय. तेव्हा सवलत मागू नये. मागायचे ते शिकविण्याची जास्त मुदत, प्रवेशाआधी गणिताची एक पूर्वतयारी आणि मुलाखतीत हातच्या कामाला काही गुण. त्या बदल्यात संस्थेला जे मिळेल ते तिच्याजवळ आज नाही.

याचे एक उदाहरण आपल्याच देशात आहे. बंगळूरच्या चेतन मैनी यांनी अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी आणि नंतर स्टॅनफर्ड येथे पदव्युत्तर शिक्षण घेतले. मिशिगनला असताना ते सौर ऊर्जेवर धावणारी मोटार बांधणाऱ्या विद्यार्थी-संघात होते. त्या संघाची गाडी १९९० मध्ये अमेरिकेतील सौर मोटारींच्या शर्यतीत पहिली आली आणि पुढे ऑस्ट्रेलियातील शर्यतीतही उतरली. मायदेशी परतल्यावर त्यांनी उभारलेली रेवा ही छोटी विद्युत मोटार २००१ मध्ये बाजारात आली आणि पुढे लंडनच्या रस्त्यांवरही फिरली. भारतात ती फारशी खपली नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु वर्गातील समीकरण आणि हाताला लागलेले वंगण एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला आले की काय घडू शकते, हे तिने दाखविले. सर्वांना परदेशी विद्यापीठ मिळणार नाही. वंगण मात्र येथेही मिळते, आणि ते मेट्रो स्थानकाबाहेरच मिळते.

दिल्लीच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे सरकतो तेव्हा त्या ई-रिक्षाच्या आसनाखाली काय घडते, याची नोंद ठेवायला फार मोठा खर्च येणार नाही. चार बॅटऱ्या एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या असतात. त्यांतील एकच आधी निकामी का होते? कोणती निकामी होणार हे कारागीर पुष्कळदा आधीच सांगतो. का होणार हे त्याला सांगता येत नाही, आणि ज्याला ते सांगता येईल असा एम.टेक.चा विद्यार्थी अजून त्याच्या दुकानात आलेला नसतो.