सत्तरीनंतरचा आरोग्य विमा : रुग्णालयाचे बिल भागते, शुश्रूषेचे नाही

कुम्हारी (जि. दुर्ग, छत्तीसगड) : एका बाजूला टाटीबंधचे एम्स, दुसऱ्या बाजूला भिलाई पोलाद प्रकल्पाचे सेक्टर ९ मधील रुग्णालय. रुग्णालयांच्या बाबतीत रायपूर-भिलाई मार्गावरील कुम्हारीइतके सुदैव राज्यातील फार थोड्या गावांच्या वाट्याला आले आहे. तरीही येथील ज्येष्ठांसमोरचा विम्याचा प्रश्न सुटलेला नाही. कारण त्यांचा बराचसा खर्च रुग्णालयाबाहेर होतो.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत सामावून घेतले. वय वंदना कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून ग्राह्य धरले जातात. खासगी पॉलिसी असली तरी हे कार्ड काढता येते. सत्तरी ओलांडलेल्यांनी प्रथम ते काढावे, यात दुमत असण्याचे कारण नाही.

खरी कोंडी साठ ते सत्तर या दशकाची आहे. नोकरीसोबत कंपनीचा विमा संपतो आणि वय वंदना दहा वर्षे दूर असते. विमा नियामक इर्डाईने २०२४ मध्ये पॉलिसी खरेदीची ६५ वर्षांची मर्यादा हटवली. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधीही ४८ वरून कमाल ३६ महिन्यांवर आणला. मात्र मधुमेह असलेल्या व्यक्तीने ६७ व्या वर्षी पॉलिसी घेतल्यास ही तीन वर्षे सत्तरीच्या उंबरठ्यावरच संपतात. म्हणजे निर्णय साठीतच, शक्यतो निवृत्तीपूर्वी व्हायला हवा. सेलच्या निवृत्तांसाठी स्वतंत्र मेडिक्लेम योजना आहे. लहान कारखान्यांतील कामगारांना मात्र एक तरतूद फारशी ठाऊक नसते : कर्मचारी राज्य विम्यात किमान ५ वर्षे राहून वयोमानाने निवृत्त झालेल्यास वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय सेवा सुरू ठेवता येते. तीत बाह्यरुग्ण तपासणी व औषधेही मिळतात. महागड्या पॉलिसीतही हे सहसा मिळत नाही.

खासगी पॉलिसी निवडताना हप्त्यापेक्षा अटी पाहाव्यात. २० टक्के सह-देयक असल्यास ३ लाखांच्या मंजूर बिलातील ६० हजार रुपये घरातून जातात. खोलीभाड्याची मर्यादा ५ हजार असताना ८ हजारांची खोली घेतली, तर फरकाचे ३ हजारच नव्हे, डॉक्टरांचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले जाऊ शकते. हप्त्याबाबत दिलासा आहे : वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, तर ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी कंपन्यांना इर्डाईशी सल्लामसलत करावी लागते.

पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मात्र यातील बरेचसे निरुपयोगी ठरते. आयुष्मान योजनेत रुग्णालयातून सोडल्यानंतर १५ दिवसांचा खर्च धरला जातो. खासगी पॉलिसीत बहुधा ६० ते ९० दिवसांचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची फिजिओथेरपी, डायपर आणि रात्रपाळीची परिचारिका मात्र वर्षानुवर्षे लागते. घरगुती उपचारांचे कलम अनेक पॉलिसींत असते, परंतु ते रुग्णालयात दाखल करण्याजोग्या आजारापुरते. दीर्घकालीन शुश्रूषेसाठी नव्हे. अशा रुग्णाच्या कुटुंबाने मोठ्या विमा रकमेच्या मागे लागून हप्ता वाढवण्याऐवजी मध्यम पॉलिसी घ्यावी आणि उरलेली रक्कम परिचारिकेच्या पगारासाठी बाजूला ठेवावी, हे अधिक व्यवहार्य.