वेगाचा दंड आणि कोर्टाची पायरी

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आपल्या लोकांच्या हाडींमाशीं खिळली आहे. बांधाच्या तंट्यापायीं दोन पिढ्यांची शेती गहाण पडलेली ज्यांनीं पाहिली त्यांनीं ती रूढ केली, व त्यांच्यापुरती ती खरीहि होती. पण हल्लीं ह्या म्हणीचा आधार एका निराळ्याच कामीं घेतला जात आहे. रस्त्यावर उभारलेला कॅमेरा आपल्या मोटारीचा फोटो काढतो. कांहीं दिवसांनीं मोबाईलवर निरोप येतो कीं, अमुक ठिकाणीं अमुक वाजतां आपलें वाहन ठरलेल्या मर्यादेपेक्षां अधिक वेगानें गेलें, सबब इतका दंड भरावा. ह्या ई-चलानाचें पुढें काय होतें, हें कोणत्याहि पेठेंत चार दुकानदारांस विचारून पाहावें. एकजण फोटो न उघडतांच पैसे भरून मोकळा होतो. दुसरा निरोप वाचून पुसून टाकतो, आणि अशीं दहा-वीस चलानें सांचलीं तरी त्याच्या कपाळाला आठी पडत नाहीं. तिसरा, जो स्वतःस सर्वांत हुशार समजतो, तो लोकअदालतीची वाट पाहत बसतो; तेथें रक्कम घासाघीस करून कमी होईल अशी त्याची अटकळ असते. हा गुन्हा मीं केला किंवा केला नाहीं, एवढें एक वाक्य न्यायाधीशासमोर बोलण्यास मात्र तिघांपैकीं एकहि जात नाहीं.

आमच्या मतें ही स्थिति सरकारास व लोकांस सारखीच घातक आहे. ज्या दंडाची शहानिशा कोणी मागत नाहीं व ज्याचा खटला कोणी चालवीत नाहीं, तो दंड हळूहळू पट्टी बनतो. पट्टी भरणाऱ्यास आपण कांहीं चुकलों असें वाटत नाहीं, आणि पट्टी वसूल करणाऱ्यास आपण कांहीं सिद्ध करण्यास बांधलेले आहों असें वाटत नाहीं. निरपराधी मनुष्य चरफडत पैसे भरतो, अपराधी हंसत भरतो, आणि रस्त्यावरील वेग होता तेथेंच राहतो.

वेगानें गाडी हांकणाऱ्यांची तरफदारी करण्याकरितां आम्हीं लेखणी उचललेली नाहीं, हें येथेंच स्पष्ट केलें पाहिजे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक खात्यानें प्रसिद्ध केलेल्या आंकड्यांप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १,६८,४९१ माणसें रस्त्यावरील अपघातांत मेलीं. त्यांपैकीं १५,२२४ एकट्या महाराष्ट्रांतलीं. देशांतील ह्या मृत्यूंपैकीं शेंकडा ७१ मृत्यूंपुढें कारण म्हणून अतिवेग हें एकच नोंदलेलें आहे. एवढे जीव देऊन मिळतें काय, ह्याचा हिशेब व्यापाऱ्यांनींच करावा. मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गाची लांबी सुमारें ९४.५ किलोमीटर. ताशीं १०० किलोमीटरांनीं तो ५७ मिनिटांत सरतो, १२० किलोमीटरांनीं ४७ मिनिटांत. ही दहा मिनिटांची बचतहि कागदावरची. घाट, टोलनाका आणि पुढें शहरांतील कोंडी तिच्यांतील निम्मी सहज खाऊन टाकतात. उलट बाजूस पाहावें, तर टकरीचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. १०० चे १२० झाले कीं वेग शेंकडा २० नें वाढला, पण आघात शेंकडा ४४ नें वाढला. असा सौदा कोणताहि शहाणा आडत्या आपल्या दुकानांत करणार नाहीं. रस्त्यावर मात्र तो रोज करतो.

तेव्हां दंड असावा ह्याविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो दंडाच्या रीतीविषयीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें १८३ वें कलम हें अतिवेगाचें कलम. २०१९ च्या दुरुस्तीनें त्यांतील दंड हलक्या मोटारीस १,००० ते २,००० रुपये व मध्यम आणि जड वाहनांस २,००० ते ४,००० रुपये असा झाला. तोच गुन्हा पुन्हां घडला तर लायसेन्स अडकवून ठेवण्याची तरतूद आहे. एवढें बहुतेकांस ठाऊक असतें. पण ह्याच कलमाचें तिसरें पोटकलम फार थोड्यांनीं वाचलें असेल. गाडी मर्यादेबाहेर धांवत होती असें केवळ एका साक्षीदाराचें मत पडलें, तर तेवढ्या साक्षीवर कोणासहि दोषी ठरवितां येत नाहीं. तें मत एखाद्या यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनानें काढलेल्या मापावर आधारलेलें आहे, असें कोर्टापुढें दाखवावें लागतें. हें पोटकलम कांहीं कालचें नाहीं. १९३९ च्या कायद्यांतहि तें होतें, फक्त तेव्हां त्यांत इलेक्ट्रॉनिक हा शब्द नव्हता. त्याचें मूळ शोधूं गेल्यास शिपायाच्या डोळ्यापाशीं जावें लागेल. १८९६ च्या जानेवारींत इंग्लंडांतील केंट परगण्यांत वॉल्टर आर्नोल्ड नांवाच्या गृहस्थास, ताशीं दोन मैलांची मर्यादा असतां आठ मैलांच्या वेगानें मोटार हांकल्याबद्दल, एका पोलीस शिपायानें सायकलवरून पाठलाग करून पकडलें, आणि कोर्टानें त्यास त्या वेगाबद्दल एक शिलिंग दंड केला. आज सायकलवाला ज्यास धरूं शकेल त्यास आपण वेगवान म्हणणार नाहीं, ही गोष्ट वेगळी. पण शिपायाची नजर हेंच माप, अशी ती वेळ होती. नजर चुकते, आणि क्वचित् प्रसंगीं मुद्दामहि चुकते. म्हणून पुढें कायद्यानें तिला मापाची जोड देणें भाग पाडलें.

आतां कोणी म्हणेल कीं, नजर गेली, यंत्र आलें, मग शहानिशा उरली कशाची? यंत्र म्हणजे कांहीं वेदवाक्य नव्हे. निदान व्यापारी वर्गास तरी हें समजावून सांगण्याची गरज नसावी. तुमच्या तागडीवर ठराविक मुदतीनें वजनमापें खात्याचा शिक्का बसतो; शिक्का नसेल तर माल कितीहि सचोटीनें तोलला असला तरी तुम्ही दंडास पात्र होतां. वेग मोजणाऱ्या रडार यंत्रासहि हाच न्याय लागू करणारे नियम वैधमापन कायद्याखालीं निघाले व १ जुलै २०२५ पासून अमलांत आले. त्यापूर्वींच, २०२१ च्या ऑगस्टांत, केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम घालण्यांत आला होता. रस्त्यावर लावलेल्या यंत्रास राज्याच्या अधिकाऱ्याचें मान्यतापत्र असावें व तें दरसाल नवें व्हावें. पुढें कॅमेरा आहे अशी पाटी वाहनचालकास ठळक दिसावी. चलानांत गाडीच्या नंबरासह स्वच्छ फोटो, यंत्रानें दाखविलेलें माप, तारीख, वेळ व ठिकाण असावें. शिवाय इलेक्ट्रॉनिक पुराव्यास साक्षीच्या कायद्याप्रमाणें लागणारें प्रमाणपत्र जोडलेलें असावें, असें त्या नियमानें ठरविलें. (तो साक्षीचा जुना कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून नवा अधिनियम आला आहे, पण प्रमाणपत्राची अट नव्यांतहि आहे.) दोन मोटारी शेजारून धांवत असतां माप कोणत्या मोटारीचें, त्या तुकड्यावर मर्यादेची पाटी झाडाआड होती काय, यंत्राच्या मान्यतापत्राची मुदत संपली होती काय, हे सारे प्रश्न कायद्यानेंच नागरिकाच्या हातीं दिले आहेत. ते विचारण्याची जागा कोर्ट ही आहे, आणि तेथेंच कोणी जात नाहीं.

सरकारहि जात नाहीं, हें येथें विसरतां कामा नये. ह्याच कायद्याचें २०९ वें कलम सांगतें कीं, अतिवेगाच्या आरोपीस त्याच वेळीं खटल्याची ताकीद दिलेली असावी, किंवा १४ दिवसांच्या आंत त्यास अथवा गाडीच्या मालकास नोटीस धाडलेली असावी, किंवा २८ दिवसांच्या आंत समन्स बजावलेलें असावें. नाहींपेक्षां त्यास दोषी ठरवूं नये. खटपट करूनहि नांवपत्ता न मिळाल्यास, किंवा आरोपीच्याच वर्तनानें उशीर झाल्यास, तेवढा अपवाद आहे. शिवाय ज्या गुन्ह्यास केवळ दंडाची शिक्षा आहे त्याची दखल सहा महिन्यांनंतर कोर्टानें घेऊं नये, असा जुन्या फौजदारी संहितेचा दंडक होता, व २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेंत तो ५१४ व्या कलमांत कायम आहे. उशिराचें समाधानकारक कारण दाखविल्यास कोर्ट ही मुदत वाढवूं शकतें, पण कारण दाखवावें लागतें. असें असतां वर्षांपूर्वींचीं, दोन वर्षांपूर्वींचीं चलानें गाडीच्या नांवावर तशींच लोंबकळत राहतात, आणि एखाद्या चौकांत गाडी अडली म्हणजे सारी थकबाकी एकदम पुढें येते. ज्या रकमेचा खटला मुदतींत भरण्याची तसदी पोलीस खात्यानें घेतली नाहीं, ती रस्त्याच्या कडेला, मागें गाड्यांचे भोंगे वाजत असतां मागणें ह्यास वसुली म्हणतां येईल. न्याय म्हणतां येणार नाहीं. लोकअदालतीविषयीं आमच्या मनांत आदर आहे, पण ती तडजोडीची जागा आहे. ताशीं १३० च्या वेगानें शाळेपुढून गेलेल्याशीं तडजोड कशाची करावयाची, आणि जो गेलाच नाहीं त्यानें तरी अर्धी रक्कम कां द्यावी?

लोकांच्या बाजूनें पाहिल्यास त्यांची अडचण खोटी नाहीं. हजार रुपयांच्या दंडासाठीं वकिलास त्याहून अधिक द्यावे, दुकान दिवसभर बंद ठेवावें, आणि कोल्हापूरच्या माणसानें खालापूरच्या कोर्टांत तारखेमागून तारखेस हेलपाटे घालावे, हा आंतबट्ट्याचा व्यवहार आहे. सुधारणा झाल्या त्या एकाच अंगानें झाल्या. टपालानें गुन्हा कबूल करून पैसे धाडण्याची मुभा कायद्याच्या २०८ व्या कलमांत पूर्वींपासून आहे. २०२० सालीं नागपूर जिल्ह्यांत काटोल येथें वाहतुकीच्या चलानांकरितां आभासी न्यायालय निघालें. घरबसल्या कबुली देऊन दंड भरण्याची सोय त्यानें झाली. सोय चांगली आहे. परंतु ज्यास गुन्हा कबूल नाहीं त्याचें प्रकरण फिरून नेहमींच्या कोर्टाकडे जातें. म्हणजे कबुलीस मोबाईलवरील एक बोट पुरे, आणि नाकबुलीस खालापूरचे हेलपाटे! ज्या पडद्यावर दंड भरतां येतो त्याच पडद्यावर दोन्हीं बाजूंचें म्हणणें ऐकून घेण्यास काय हरकत आहे? यंत्राचें मान्यतापत्र, शिक्क्याची तारीख व फोटो हीं मागण्यापूर्वींच चलानासोबत मिळावीं, आणि तक्रारदारास सायंकाळची वेळ नेमून द्यावी. एवढ्यानें निम्मी अडचण दूर होईल. कांहीं लोक खोट्या तक्रारी घेऊन येतील, हें खरें. त्यांस खर्चासह दंड करण्यास कोर्ट समर्थ आहे.

खोटेपणाविषयीं आपल्या लोकांसहि चार शब्द ऐकवणें प्राप्त आहे. कारण कोर्टांत जाणें म्हणजे कांहींतरी बनाव रचणें अशी समजूत आपल्याकडे बरीच आहे. गाडी मीं नव्हे, भाच्यानें नेली होती. तो भाचा सध्यां दुबईस असतो, अशा छापाचीं उत्तरें तोंडपाठ असतात. अशा उत्तरांची किंमत किती पडूं शकते तें ऑस्ट्रेलियांत दिसलें. मार्कस आइनफेल्ड हे तेथील संघीय न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, मानवी हक्कांच्या कामांत नांवाजलेले. २००६ च्या जानेवारींत सिडनी शहरांत ५० च्या मर्यादेंत त्यांची मोटार ६० नें गेल्याची नोंद कॅमेऱ्यानें केली. दंड होता ७७ डॉलर. तो चुकविण्याकरितां त्यांनीं कोर्टांत शपथेवर सांगितलें कीं, मोटार त्या दिवशीं अमेरिकेहून आलेल्या एका परिचित विदुषीकडे होती. खटला सुटला. पुढें एका वृत्तपत्राच्या बातमीदारानें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, ती बाई २००३ सालींच वारली होती. ज्यानें आयुष्यभर इतरांच्या शपथा ऐकल्या त्या मनुष्यास खोट्या शपथेबद्दल व न्यायाच्या कामांत विघ्न आणल्याबद्दल २००९ च्या मार्चांत तीन वर्षांची कैद झाली. वेगाचा गुन्हा कबूल केला असता तर दुसऱ्या दिवशीं तो कोणाच्या लक्षांतहि राहिला नसता.

शेवटीं एक गोष्ट खास आमच्या व्यापारी वाचकांकरितां. १८३ व्या कलमाखालीं गाडी हांकणारा तेवढा गुन्हेगार नाहीं. जो आपल्या नोकरास किंवा हाताखालच्या माणसास मर्यादेबाहेर गाडी हांकावयास लावतो तोहि त्याच दंडास पात्र आहे. इतकेंच नव्हे, तर अमुक वेळांत अमुक मजल गांठावी असें वेळापत्रक कोणी प्रसिद्ध केलें किंवा तसा हुकूम दिला, आणि मर्यादा मोडल्यावांचून ती मजल त्या वेळांत होणें शक्य नव्हतें असें कोर्टास दिसलें, तर तें वेळापत्रक किंवा तो हुकूमच मालकाविरुद्ध सकृद्दर्शनीं पुरावा ठरतो. नारायणगांवाहून रात्रीं उशिरा भरलेला टेंपो वाशीच्या बाजारांत पहांटेच्या ठोक्यास लागलाच पाहिजे, न लागल्यास भाड्यांतून इतके रुपये कापले जातील, असें मोबाईलवर बजावणारे मालक ह्या सदरांत येतात कीं नाहीं, तें त्यांनीं स्वतः अंतर व मर्यादा ह्यांचा भागाकार करून पाहावें. कॅमेऱ्यांत फोटो निघतो तो टेंपोचा, आणि पगारांतून कापला जातो तो चालकाचा दंड. ही प्रकरणें खरोखर कोर्टापुढें येऊं लागलीं तर चालकास निदान तो निरोप न्यायाधीशास दाखवितां येईल. पोलीस खात्यानेंहि मालमोटारीचें चलान करतांना एवढें करावें कीं, माल कोणाचा, पोंचविण्याची वेळ कोणती ठरली होती व ती कोणी ठरविली, हें चालकास विचारून टिपून ठेवावें, आणि हिशेब जुळत नसेल तेथें समन्सांत चालकाच्या नांवाबरोबर मालकाचेंहि नांव घालावें.